मीरेचं लग्न

१९४० सालच्या जुलैत मद्रासजवळ तिरुनीरमलैच्या देवळात एक लग्न लागलं. वधू एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘सेवासदनम’ आणि ‘शकुंतलै’ या चित्रपटांची नायिका, आणि गाण्यासाठी तर सगळ्या तमिळ मुलखात गाजलेली. वर टी. सदाशिवम. साप्ताहिकासाठी जाहिराती मिळवणारे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले, देवधर्म काटेकोर पाळणारे ब्राह्मण गृहस्थ. घरात आई गेलेल्या दोन मुली. सदाशिवम यांच्या नावावर ना गाणं, ना अभिनय.

प्रसिद्ध नटी आणि चारचौघांतला श्रद्धाळू विधुर ही जोडी दिसली की लोक आधी एकच विचारतात: तिनं त्याच्यात काय पाहिलं? मला हा प्रश्नच उथळ वाटतो. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की ती उंचावर होती आणि त्याच्यासाठी खाली उतरली. सुब्बुलक्ष्मींच्या बाबतीत उंची कुठली आणि सखल भाग कुठला, हे इतकं सरळ नव्हतं.

त्यांचा जन्म मदुराईचा, देवदासी परंपरेतल्या घरातला. आई षण्मुखवडिवु वीणा वाजवायच्या. त्या परंपरेतल्या बाईला कलेचा मान मिळे, धनिकाचा आश्रयही मिळे. पण लग्नाची बायको हे स्थान तिच्या वाट्याला येत नसे. गोव्याच्या कलावंत घराण्यांची कहाणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथेही ‘यजमान’ असे, नवरा नसे. आपल्यालाही कोणा धनिकाच्या पदरी बांधतील, या धास्तीनं तरुण सुब्बुलक्ष्मी मदुराई सोडून मद्रासला आल्या. सदाशिवम यांच्या घरचा उंबरा हे त्यांच्यासाठी खाली उतरणं नव्हतं. हजारो माणसं ऐकायला जमत होती, पण त्यांतल्या कुणालाही देता येणार नाही असं काहीतरी त्या उंबऱ्याच्या आत होतं.

ही गोष्ट निर्मळ, सोवळ्यातली करून सांगू नये. दोघांची ओळख झाली तेव्हा सदाशिवम यांची पहिली पत्नी हयात होती. लग्न झालं ते तिच्या मृत्यूनंतर. आणि हे लग्न लागू शकलं याचं एक कारण वराचं पुरुष असणं हे होतं. बायको गेलेल्या पुरुषाला समाज नवी बायको शोधून देई. त्याच काळात, त्याच जातीत, नवरा गेलेल्या बाईचं केशवपन होत असे. विधुराच्या प्रेमकथेला आपण हळवे होतो तेव्हा हा दरवाजा एकाच बाजूनं उघडत होता हे विसरायचं कसं?

लग्नानंतरच्या वर्षी, १९४१ साली आलेल्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटाशी आपलं, मराठी माणसांचंही नातं आहे. त्यात सावित्री झाल्या आपल्या मराठी नटी शांता आपटे, त्यासाठी तमिळ शिकून. आणि नारद झाल्या सुब्बुलक्ष्मी. पुरुषाची ती भूमिका त्यांनी पत्करली पैशासाठी: सदाशिवम आणि त्यांचे लेखकमित्र कल्की यांना नवं साप्ताहिक काढायचं होतं, त्याचं भांडवल या भूमिकेतून उभं राहिलं. दोघींकडे एकत्र पाहावं असं मला वाटतं. शांताबाईंनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या दारात उपोषण केलं होतं, पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. आपला हिशेब आपण मागणारी ती बाई पडद्यावर पतिव्रता झाली. आणि करार, तारखा, बिदागी सगळं नवऱ्यावर सोपवलेली बाई नारदाच्या वेशात नवऱ्याच्या संसाराला हात देत होती. घर नक्की कोण चालवत होतं?

मग ‘मीरा’. तमिळ १९४५, हिंदी १९४७. त्यात लहानपणची मीरा झाली आहे राधा, सदाशिवम यांच्या पहिल्या पत्नीची मुलगी. पडद्यावर तीच मुलगी मोठी होते आणि सुब्बुलक्ष्मी दिसू लागतात. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे हीच राधा वर्षानुवर्षं मैफलीत त्यांच्या मागे बसून गायली, १९६६ साली संयुक्त राष्ट्रांतल्या मैफलीतही. विधुराशी लग्न म्हणजे त्याच्या घरात आधीपासून असलेल्या दुःखाशीही लग्न. त्या दुःखाच्या लेकीला सुब्बुलक्ष्मींनी आपला सूर दिला, आणि स्वतःचं मूल नसलेल्या या बाईच्या गळ्याला ती साथ देत राहिली.

‘मीरा’नंतर त्यांनी चित्रपट सोडला. मैफलीत काय गायचं, कोणापुढे गायचं, मिळकत कोणत्या संस्थेला द्यायची, हे बव्हंशी सदाशिवम ठरवत. नटीची संत झाली ती त्यांच्या योजनेतून, आणि त्यांच्या श्रद्धेतूनही. पहाटे आपल्याकडे घरोघरी लागणारं वेंकटेश सुप्रभातम त्या योजनेचंच फळ. यावर आज आक्षेप घेतला जातो की सुब्बुलक्ष्मींना एका सोवळ्या चौकटीत बसवलं गेलं, मदुराईचा ठसा पुसला गेला. आक्षेप खरा आहे. कलावंत बाईला प्रतिष्ठेसाठी कपाळाच्या कुंकवाचा दाखला द्यावा लागला, याची शरम त्या समाजाला वाटायला हवी. पण म्हणून या दोघांचं प्रेम खोटं, असं म्हणायला माझं मन घेत नाही. ‘कल्की गार्डन्स’ हे मोठं घर विकून लहान घरात जावं लागलं, तेव्हा नाव सुब्बुलक्ष्मींचं होतं, गळा त्यांचा होता. वेगळं व्हायचं तर जग त्यांच्या पाठीशी उभं राहिलं असतं. त्या सदाशिवम यांच्यासोबत त्या घरात गेल्या.

१९९७ च्या नोव्हेंबरात सदाशिवम वारले. त्यानंतर सुब्बुलक्ष्मी जाहीर मैफलीत गायल्या नाहीत. पुढच्या वर्षी भारतरत्न मिळालं, तरीही नाही. याला कुणी पातिव्रत्य म्हणतं, कुणी पराधीनता. मला वाटतं, सहा दशकांच्या सोबतीत गाणं कुठे संपतं आणि समोर बसलेला माणूस कुठे सुरू होतो, हे त्यांना वेगळं काढायचंच नव्हतं.