भुकेच्या नावाने

आई ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या मजुरीतून रेशनचा लाल मिलो घरी यायचा. त्याच्या भाकरीची चव सांगताना ती आजही तोंड वाकडं करते, पण ‘नको होती’ असं कधी म्हणत नाही. त्यामुळे भुकेच्या भीतीने एखादं सरकार घाईत काही करू लागलं, की मला चटकन हसता येत नाही.

२०२० मध्ये इंडोनेशियाने असंच केलं. करोनामुळे जगभर अन्नटंचाई येऊ शकते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा इशारा होता. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी ‘फूड इस्टेट’ नावाची प्रचंड सरकारी शेती जाहीर केली आणि त्यात पुढाकार दिला संरक्षणमंत्री प्रबोवो सुबियांतो यांना. जागा ठरली बोर्निओ बेटावरचा मध्य कालिमंतान प्रांत.

हा प्रांत एकदा पोळलेला होता. १९९५ मध्ये सुहार्तोंनी इथल्याच १० लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा हुकूम काढला होता. दलदलीखाली हजारो वर्षं साचलेला, पुरता न कुजलेला झाडपाला असतो. त्याला पीट म्हणतात. ४,००० किलोमीटरहून जास्त कालवे खणले गेले, पाणी वाहून गेलं, पीट वाळलं आणि १९९७ च्या एल निनोत पेटलं. जमिनीच्या पोटात धुमसणारी ती आग सहजी विझत नाही. १९९९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. जावा बेटावरून आणून वसवलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी गाव सोडलं.

तरीही पुन्हा तिथेच. गुनुंग मास जिल्ह्यात सुमारे ६०० हेक्टर जंगल तोडून कसावा लावला (आपला साबुदाणा करतात तोच कंद). वाळूसारख्या जमिनीत तो नीट पोसलाच नाही. २०२४ च्या सुरुवातीला तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढवलेला मका दिसू लागला.

फसलेल्या पिकापेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचते. इथले दायाक लोक पिढ्यान्‌पिढ्या रान जाळून, राखेत डोंगरी भात पेरत आले. २०१५ च्या वणव्यांनंतर जाळण्यावर कडक बंदी आली, काहींवर खटलेही झाले. म्हणजे भात पिकवणाऱ्याचा हात धरला आणि त्याच प्रांतात अन्न पिकवायला सरकार उतरलं. उद्याची भूक टाळण्यासाठी आज एखाद्याचं ताट ओढून घेता येतं का? ‘संकट’ म्हटलं, की हा प्रश्न विचारणाराच देशाच्या मुळावर उठलेला ठरतो.

मग सरकारने हातावर हात धरून बसायचं? नाही. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी आपल्या ७२ च्या दुष्काळाचा अभ्यास करताना दाखवलं आहे, की महाराष्ट्रात धान्याचं पीक पार कोसळलं, तरी कामांवर मजुरी मिळाल्यामुळे माणसं तगली. ऐन दुष्काळात जवळपास ५० लाख लोक त्या कामांवर होते. अवाढव्य तोही प्रकार होताच. मजुरी थकायची, आईच्या हातांना फोड यायचे. पण पैसा उपाशी माणसाच्या हातात पडत होता, आणि त्यासाठी कुणाचं शेत हिरावून घेतलं नव्हतं. करोनाच्या वर्षी इंडोनेशियातही अनेकांचा रोजगारच गेला होता. बाजारात तांदूळ होता. त्यांना पाच वर्षांनी येणाऱ्या पिकाचा काय उपयोग?

इतकं लिहूनही मी पूर्ण निश्चिंत नाही. पोट भरलेल्या माणसाने जंगलाची बाजू घेणं सोपं असतं, आणि पुढचा दुष्काळ खरंच आला तर धान्य कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. पण त्या धान्याची किंमत दर वेळी नकाशावरच्या दूरच्या टोकानेच का भरायची?

प्रबोवो २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. आता काम चालू आहे ते पापुआतल्या मेराउकेमध्ये, त्याहून मोठ्या पट्ट्यावर. तिथले मारिंद लोक रानातल्या सागो झाडाचा गर खाऊन जगत आले आहेत. ते रान भातासाठी आणि उसासाठी मोकळं केलं जात आहे, राष्ट्राला अन्न पुरावं म्हणून.