चिखलातले सोयरे

माउली, लोणी भापकरला गेलात तर मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी पुष्करणीवर घटकाभर टेका. बारामती तालुक्याचा हा जिरायती भाग. पाण्याचे मोल इथे कुणाला शिकवावे लागत नाही. गावात यज्ञवराहाची मूर्ती आहे, अंगावर विष्णूच्या लहान लहान मूर्ती कोरलेली. बुडालेली पृथ्वी वर काढायला भगवंताने रूप घेतले, तेही चिखलात लोळणाऱ्या वराहाचे! आपण मात्र गावाबाहेरच्या दलदलीला पडीक म्हणतो.

त्या पडीकात काय असते? साताऱ्याजवळच्या कास पठारावर वायतुरा नावाची पाणवनस्पती आहे. जांभ्या खडकावरच्या उथळ डबक्यात ती पावसाळ्यात उगवते, दोन फाट्यांचा तुरा काढते आणि पाणी आटले की कंदरूपाने मातीत निजून पुढच्या पावसाची वाट पाहते. सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांखेरीज ती जगात कुठेच आपसूक उगवत नाही. शेजारीच सीतेची आसवं. तिथल्या पातळ मातीत कस नाही, म्हणून हे नाजूक निळेजांभळे झाड बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते. कासला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. पण असे कोपरे वारशाच्या यादीबाहेरही पुष्कळ आहेत, आणि एका उन्हाळ्यात मुरूम टाकला की ते संपतात.

हे कशासाठी जपायचे? पुढे कधी औषध निघेल, पाणी स्वच्छ राहील, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण ते व्यापाऱ्याचे उत्तर झाले. सोयऱ्याला कुणी विचारते का, तुझा उपयोग काय? अरणच्या सावतोबांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. ती भाजी निदान त्यांनी लावलेली होती. जे आपण पेरले नाही, ताटात येणार नाही, त्यात आपल्याला तो दिसतो का?

इथे एक अडचण येतेच. इंद्रायणीत, उजनीच्या पाण्यात जलपर्णी माजते. तीही जीवच, फूलही देखणे. मग तिला उपटणे ही हिंसा नव्हे का? कीर्तनानंतर कुणी असे विचारले तर हसून सोडून देऊ नये. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यावर सलग पसरून ती खालचा उजेड तोडते, पाण्यातली हवा कमी करते. खालची झाडे, मासे गुदमरतात. तिला काढावेच लागते, पण अपराधी म्हणून नव्हे. तिला पोसते ते आपणच सोडलेले सांडपाणी. गटार तसेच ठेवून नुसती पर्णी उपसणे म्हणजे गळ्यात माळ घालून मापात पाप करणे.

दुसरा घात भक्तिभावानेच होतो. तळ्याचे सुशोभीकरण! काठ सिमेंटने बांधला की सगळ्यांना बरे वाटते. पण पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामधला तो ओला उतार, अर्धे वर्ष बुडालेला आणि अर्धे वर्ष उघडा, तोच या झाडांचा संसार. पुष्करणीची गोष्ट निराळी, ती दगडाचीच बांधलेली. पाझर तलावाला घाट कशाला?

आषाढीच्या वाटेवर बारामती-इंदापुरात ओढे, तळी लागतील. काठची हिरवी ओल दिसली तर वळसा घालून जा, साबण आणि निर्माल्य तिथे नको. आणि गावी परतल्यावर ग्रामसभेत तळ्याचा ठराव आला, तर एवढे विचारा: काठ मातीचा किती ठेवणार?