लज्जेचे व्याकरण : ‘पुडेंडम’ या संज्ञेचा अर्थविचार

शरीररचनाशास्त्राची परिभाषा निर्विकार असावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अवयवाचे स्थान, आकार वा कार्य पाहून त्याला नाव द्यावे. नाव देणाऱ्याच्या धर्मकल्पना वा नीतिकल्पना त्यात उतरू नयेत, असे हे शास्त्र मानते. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी दीर्घकाळ रूढ असलेली ‘पुडेंडम’ ही लॅटिन संज्ञा या अपेक्षेला छेद देते. ‘लाज वाटणे’ या अर्थाच्या ‘पुडेरे’ या धातूपासून ती सिद्ध झाली असून ‘जिची लाज वाटावी अशी गोष्ट’ हा तिचा शब्दशः अर्थ आहे. व्युत्पत्तीत दडलेला असा नैतिक निवाडा पुढील काळातील वापरणाऱ्यावर बंधनकारक ठरतो काय, आणि ठरत नसेल तर संज्ञा बदलण्याचा आग्रह कशाच्या आधारे धरावा, हा येथील मूळ प्रश्न आहे.

या आग्रहावर पहिला आक्षेप भाषाविज्ञानाकडून येतो. शब्दाचा अर्थ त्याच्या वर्तमान व्यवस्थेतील स्थानावरून ठरतो, उगमावरून नव्हे, हे सोस्यूरने एककालिक आणि ऐतिहासिक अभ्यासाचा भेद करताना दाखवून दिले. स्नायूला ‘मसल’ म्हणताना त्यामागील लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे ‘लहानसा उंदीर’ कोणाला आठवत नाही. कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाला ‘सेक्रम’ म्हणजे ‘पवित्र’ म्हणणारा वैद्यकाचा विद्यार्थी त्याची पूजा बांधत नाही. मग ‘पुडेंडम’मधली लाजही अशीच निष्प्राण झाली असे का मानू नये?

आक्षेप वजनदार आहे. परंतु तो या संज्ञेच्या व्याकरणिक घडणीकडे दुर्लक्ष करतो. ‘पुडेंडम’ हे लॅटिनमधील विध्यर्थी धातुसाधित आहे. संस्कृतातील ‘कर्तव्य’, ‘पूजनीय’, ‘निंद्य’ या कृत्यप्रत्ययान्त रूपांशी त्याचे साम्य आहे. ‘अजेंडा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी, ‘मेमोरॅन्डम’ म्हणजे स्मरणात ठेवावयाची गोष्ट. त्याच घडणीचे ‘पुडेंडम’ म्हणजे लाज धरावयाची गोष्ट. ‘उंदीर’ हे वर्णन आहे, तर ‘लाज धरावी’ ही आज्ञा आहे. वर्णन विस्मरणात जाऊ शकते, कारण ते पाळण्याची कोणावर सक्ती नसते. आज्ञा मात्र शब्दाचा उगम विसरला गेला तरी समाजाच्या आचरणात जिवंत राहू शकते. ‘आहे’पासून ‘असावे’ निष्पन्न होत नाही, हे डेव्हिड ह्यूमने १७४० साली बजावले. या संज्ञेत तर ‘असावे’ हेच ‘आहे’च्या वेषात वावरते. जर्मन भाषेत हा वेषही उरलेला नाही. तेथे ‘शाम’ म्हणजे लाज, आणि जघनास्थीचे रोजच्या भाषेतील नाव ‘शामबाइन’, म्हणजे लाजेचे हाड.

या आज्ञेचा इतिहास मात्र एकसुरी नाही. जननेंद्रियांसाठी असलेला ‘आइदोइऑन’ हा ग्रीक शब्द ‘आइदोस’पासून आला, आणि आइदोसमध्ये लज्जेबरोबर आदर, भीड आणि मर्यादेची जाणही सामावलेली आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात ओडिसिअस थर्सायटीसला आइदोस झाकणारी वस्त्रे उतरवण्याची धमकी देतो. बाविसाव्या सर्गात वृद्ध प्रायम हेक्टरला विनवताना मारल्या गेलेल्या म्हाताऱ्याच्या आइदोसची कुत्र्यांकडून होणारी विटंबना डोळ्यांपुढे आणतो. दोन्ही देह पुरुषांचे आहेत. अवयव मुळातच हीन आहे असा भाव तेथे नाही. माणसाची प्रतिष्ठा तेथे उघडी पडते म्हणून तो जपावयाचा आहे. बर्नार्ड विल्यम्सने ‘शेम अँड नेसेसिटी’ (१९९३) या ग्रंथात याच शब्दाचा आधार घेऊन लज्जेचे मूळ नको त्या स्थितीत, नको त्या नजरेला पडण्याच्या अनुभवात शोधले. ‘लाज झाकणे’ किंवा ‘लज्जारक्षणापुरते वस्त्र’ असे म्हणणाऱ्या मराठीला होमरची ही प्रयोगरीती परकी वाटू नये.

रोमन जगात हा प्रश्न थेट नावांच्या संदर्भात उपस्थित झाला. इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसेरो सिनिक पंथीयांचा युक्तिवाद नोंदवतो. चोरी, फसवणूक, व्यभिचार ही कृत्ये लाजिरवाणी, पण त्यांची नावे बिनदिक्कत घेतली जातात. अपत्य जन्माला घालणे हे कृत्य सन्मान्य, पण त्याचे नाव घेणे अशिष्ट ठरते, अशी ही विसंगती होती. सिसेरोचे उत्तर असे की, निसर्गानेच हे अवयव दृष्टीआड ठेवले आहेत आणि माणसाची शालीनता निसर्गाचे अनुकरण करते. या उत्तरात झाकण्याचे समर्थन आहे. अवयव दोषी असल्याचा पुरावा मात्र त्यातून मिळत नाही.

तो दोष सेंट ऑगस्टीनने पुरवला. इ. स. ४१३ ते ४२६ या काळात रचलेल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात तो म्हणतो की, या अवयवांना ‘पुडेंडा’ म्हणणे योग्यच आहे. आद्य पापापूर्वी ते तसे नव्हते. मानवाने ईश्वराची आज्ञा मोडली, म्हणून त्याचा देह त्याच्याच इच्छेची आज्ञा मोडू लागला. इच्छेला न जुमानणाऱ्या अवयवाचे हे विवेचन बहुतांशी पुरुषदेहाच्या अनुभवावर उभे आहे. तरीही १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’ या आंतरराष्ट्रीय यादीत ‘पुडेंडम’ उरले ते ‘फेमिनिनम’ या विशेषणासह, केवळ स्त्रीच्या वाट्याला. पुरुषाच्या अवयवांची तेथे स्वतंत्र नावे आहेत. लाजेची सामूहिक पाटी त्यांच्यावर नाही. मूळ सिद्धान्त ज्याच्या देहावरून मांडला गेला तो नामावलीतून सुटला, आणि नाव दुसरीला चिकटले.

‘गुह्य’ हा संस्कृत शब्द याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तोही कृत्यप्रत्ययान्तच आहे. ‘गुह्’ म्हणजे झाकणे, आणि गुह्य म्हणजे झाकून ठेवावयाचे. परंतु गीतेच्या नवव्या अध्यायाला ‘राजविद्याराजगुह्ययोग’ हे नाव मिळते, तेव्हा तोच शब्द सर्वश्रेष्ठ ज्ञानाला लागू होतो. झाकण्यामागे हीनता असलीच पाहिजे असे नाही; मोलाची वस्तूही झाकली जाते. अर्थात एवढ्यावरून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. गुह्याची आज्ञाही व्यवहारात स्त्रीवरच अधिक लादली गेली, आणि वैद्यासमोर आपली वेदना सांगताना ज्यांना शब्द सापडत नाही अशा स्त्रिया दोन्ही परंपरांत आहेत.

तथापि या दोन आज्ञांतील भेद नैतिकदृष्ट्या निर्णायक आहे. ‘झाकावे’ ही आज्ञा इतरांसमोरच्या वर्तनाविषयी आहे. ‘लाज धरावी’ ही स्वतःविषयीच्या भावनेची आज्ञा आहे. झाकण्याचा अधिकार व्यक्ती प्रसंगी स्वेच्छेने बाजूला ठेवू शकते, जसे उपचाराच्या वेळी. लाज मात्र वस्त्राबरोबर उतरत नाही. तपासणीच्या खोलीतही ती रुग्णाबरोबर येते. म्हणून ‘पुडेंडम’वरील आक्षेप केवळ व्युत्पत्तीवर उभा नाही. जी भावना उपचाराच्या आड येते, तिचीच आज्ञा उपचारशास्त्राने नामावलीत जतन करावी, ही विसंगती त्याच्या मुळाशी आहे.

२०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘पुडेंडम फेमिनिनम’ वगळण्यात आले. ‘पुडेंडल’ चेतातंतू मात्र कायम राहिला. त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या चेतामुळांपासून निघणारा हा तंतू स्त्री-पुरुष दोघांच्याही देहात असतो. प्रसूतीच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून काही वेळा तोच बधिर केला जातो. नाव उरले, पण एका लिंगावरचा निवाडा त्यातून गेला. ‘मुस्कुलुस’मधल्या उंदराप्रमाणे त्यातली लाज विरून जाणे आता निदान शक्य आहे. ते घडेल की नाही हे शब्दकोशावर अवलंबून नाही. ज्या दिवशी रुग्णाला आपल्या देहाचे नाव आवाज न उतरवता घेता येईल, त्या दिवशी हा विध्यर्थ केवळ व्याकरणाचा विषय उरेल.