स्पष्ट आणि सत्य

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या मिरवणुकीचे आकाशातून छायाचित्र घ्यावे, अशी कल्पना युवकांनी मांडली. मला ती प्रथम फारशी रुचली नाही. मिरवणूक चालणाऱ्यांनी चालायची. ती वरून पाहण्याची हौस कशाला, असे माझे मत होते. परंतु ज्या तरुणाजवळ ड्रोन होता तो अभ्यासू वृत्तीचा. सणापूर्वीचे पंधरा दिवस, सकाळची मिस्सा आटोपली की तो चर्चमागच्या मोकळ्या शेतात सराव करीत असे. त्याच्या शेजारी उभा राहून मी जे शिकलो ते आधी सांगतो, कारण पुढे उद्भवलेल्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

पहिल्या दिवसांतील सारी छायाचित्रे अस्पष्ट आली. तरुणाने दोष भिंगाला दिला. १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या नादार यांचेही असेच झाले होते. त्यांच्या काचा पुन्हा पुन्हा काळ्या पडत, आणि कारण मात्र कॅमेऱ्यात नव्हते. बलूनच्या तोंडातून झिरपणारा वायू त्या ओल्या काचांवरील रसायन बिघडवीत होता. आमच्याकडेही दोष बहुतांशी अन्यत्रच निघाला. वसईची खारी हवा भिंगावर एक पातळ थर चढवून जाते. वातानुकूलित खोलीतून यंत्र एकदम दमट हवेत आणले की काचेवर बाष्प धरते. मऊ फडके आणि थोडा धीर, एवढ्याने अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे अधिक सूक्ष्म होते. भिंगाचे छिद्र जितके लहान तितके चित्र रेखीव, असे आम्ही जुन्या कॅमेऱ्यांवर शिकलो होतो. ड्रोनच्या इवल्याशा कॅमेऱ्यात हा नियम उलटतो. छिद्र फार लहान केले की त्यातून जाणारा प्रकाश कडांशी पसरतो. त्या तरुणाच्या कॅमेऱ्यात एक चित्रबिंदू सुमारे २.४ मायक्रॉन रुंदीचा. आणि एफ ११ या मापावर प्रकाशाचा एक ठिपका जवळजवळ १५ मायक्रॉन पसरतो. मग रेखीवपणा कुठून यावा? एफ ४ ते ५.६ च्या दरम्यान त्याला सर्वांत चांगले चित्र मिळू लागले. वरून पाहताना सारेच दूर असल्यामुळे लहान छिद्राची गरजही फारशी उरत नाही.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. आकाशात ड्रोन स्तब्ध दिसतो, परंतु तो प्रत्येक क्षणी वाऱ्याशी झुंजत असतो. शंभर मीटर उंचीवरून त्याचा एक चित्रबिंदू जमिनीवरील सुमारे २.४ सेंटिमीटर जागा व्यापतो. सेकंदाला दहा मीटर वेगाने उडताना सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका पडदा उघडा राहिला, तर यंत्र तेवढ्यात वीस सेंटिमीटर पुढे सरकते आणि प्रत्येक रेषा आठ बिंदूंवर फासली जाते. तोच अवधी पाचशेवा भाग केला की सारे एका बिंदूत मावते. म्हणून तो यंत्र थांबवी, दोन-तीन सेकंद वाट पाही, एकापाठोपाठ पाच छायाचित्रे घेई आणि त्यांतील एक निवडी. धुक्याला आणि तापलेल्या पत्र्यांवरून थरथरत वर चढणाऱ्या हवेला मात्र कोणतेही भिंग भेदीत नाही. धुके विरल्यावर आणि जमीन तापण्यापूर्वी जो तास-दीड तास मिळेल तोच खरा.

सणाच्या दिवशी त्याने लोकांच्या डोक्यावरून यंत्र नेले नाही. पडले तर कुणाला इजा होईल, म्हणून शेतावरूनच, साठेक मीटर अंतरावरून, त्याने तिरपे छायाचित्र घेतले. ते उत्कृष्ट आले. केळीच्या वाड्या, पांढरी कमान, बॅण्डवाले, लाल लुगड्यांतील वृद्ध स्त्रियांची रांग, सारे स्वच्छ.

उपवासकाळात त्या रांगेतील एक आजी वारल्या. त्यांची मुलगी माझ्याकडे आली. आईचे अखेरचे छायाचित्र तेच होते. त्यातील चेहरा मोठा करून मिळेल का, असे तिने विचारले. मी तिला तरुणाकडे पाठवले. आता साठ मीटरवरून एक बिंदू जवळपास दीड सेंटिमीटरचा होतो. म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत दहा-अकरा बिंदू येतात. मोठे केले तर तांबूस-तपकिरी चौकोनांखेरीज काही दिसत नाही. तरुणाने ते संगणकाच्या एका नव्या प्रणालीत घातले, आणि काही क्षणांत चेहरा उमटला. डोळे, सुरकुत्या, ओठांची मुडपण, सारे अगदी सुस्पष्ट. मुलीने ते पाहून डोळे पुसले आणि चौकट करून वेदीशेजारी लावले. रोजरीला गेलो असता मी ते पाहिले आणि अस्वस्थ झालो. आजींना मी नऊ वर्षे ओळखत होतो. हा चेहरा त्यांचा नव्हता.

तरुणाला विचारले तेव्हा त्याने काही लपवले नाही. ही प्रणाली झाकलेले उघड करीत नाही; असंख्य चेहरे पाहून ती शिकलेली असते, आणि इथे बहुधा काय असावे याचा अंदाज बांधून रिकामी जागा भरते. "फादर, तिला समाधान मिळालं, यात वाईट काय?" त्याने विचारले.

प्रश्न सोपा नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि दयेपोटी बोललेले असत्यही त्यांनी मान्य केले नाही; परंतु त्यांच्या मते फसविण्याचा हेतू हे असत्याचे लक्षण, आणि या मुलाच्या मनात तो हेतू नव्हता. शिवाय पूर्वीचे स्टुडिओवाले काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसतच होते. प्रत्येक डिजिटल कॅमेराही चित्राच्या कडा थोड्या ठळक करतोच. मग सीमारेषा कुठे आखायची? पुष्कळ विचारांती मला वाटले ते असे. कडा ठळक करणारा, जी कड तिथे आहे तिलाच उठाव देतो. चित्रकाराने स्मरणातून रंगवलेली आईही चालेल, कारण ती आपण रंगवलेली आहोत हे सांगतच समोर येते. छायाचित्राची साक्ष वेगळी असते: या माणसावरून निघालेला प्रकाश इथे येऊन पडला, असे ते म्हणते. अंदाजाने भरलेल्या चेहऱ्याला तसे म्हणण्याचा अधिकार नाही, आणि त्याची सुस्पष्टता हाच त्याचा अपराध. कारण धूसर चित्रावर कुणी इतका विश्वास टाकला नसता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकवले होते की सत्य म्हणजे वस्तू आणि बुद्धी यांची अनुरूपता. रेखीवपणा त्या व्याख्येत कुठेच येत नाही.

हे कळूनही मी तीन-चार महिने गप्प राहिलो. शोकात असलेल्या माणसाच्या भिंतीवरची चौकट काढायला लावण्याचे धैर्य होत नव्हते. त्या मौनालाही मी दयाच म्हणत होतो. अखेर ऑगस्टमध्ये तरुणाला बरोबर घेऊन गेलो आणि त्यालाच सर्व सांगायला लावले. मुलगी शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं, फादर. आईच्या डाव्या भुवईवर व्रण होता. यात नाही."

"मग ठेवलंस कशाला?"

"काढवेना. पण हल्ली डोळे मिटले की हाच चेहरा समोर यायला लागला होता. त्याची भीती वाटायची."

तरुणाने मूळ छायाचित्र, काही न कापता, हातभर मोठे छापून आणले होते. ते त्याने टेबलावर पसरले. आजी रांगेच्या कडेला, वाडीच्या कुंपणाजवळ होत्या. लाल लुगडे, खाली वाकलेली मान, आणि उजव्या बाजूला तीन बिंदू रुंदीची एक काळी रेघ. त्या सकाळी यंत्र जरासे जरी हलले असते तरी ती रेघ पुसली गेली असती. मी ती कुंपणाची काठी समजलो होतो. मुलीने तिच्यावर बोट ठेवले.

"छत्री," ती म्हणाली. "ऊन असूनही मिटलेली. काठी घे म्हटलं तर ऐकायची नाही; छत्रीच टेकत चालायची."