कळणें आणि कळविणें

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु प्रवासांत मनुष्यास स्वतःविषयींचीच एखादी बातमी कळावी, आणि ती अशा ठिकाणीं कळावी कीं जेथें ती क्षणभर उतरवून ठेवण्यास हक्काचा कोनाडाहि नसावा, असा प्रसंग प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाहीं. अलीकडे असा एक प्रसंग आमच्या कानीं आला. त्यांतून निघालेल्या प्रश्नानें आमच्या घरांत पंधरा दिवस वाद माजविला. वाचकांपुढें तो ठेवण्यास त्या बाईंची अनुमति आहे. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

बाई पुण्याच्या, वय ४२. एक मुलगी, ती बारावीस. विवाहास २० वर्षें झालीं म्हणून पतिपत्नी एका प्रवासी मंडळीबरोबर युरोपांत गेलीं. बशींत ३८ माणसें, बहुतेक मराठी. दुपारीं वरणभात, संध्याकाळीं गाण्यांच्या भेंड्या. स्वित्झर्लंडांत युंगफ्राऊयोखच्या स्टेशनावर, ३४५४ मीटर उंचीवर, हवा विरळ असल्यामुळें निम्मी मंडळी डोकें धरून बसली होती. बाईंनाहि मळमळूं लागलें. यजमानांनीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "पित्त झालंय." कोणास नवल वाटलें नाहीं. पाळी चुकली होती. परंतु गेलें वर्षभर ती अनियमितच होती, आणि विमानप्रवासानें, जागरणानें, वेळांच्या फरकानें असें होतें हें त्यांनीं ऐकलें होतें. गर्भारपणाच्या प्रत्येक चिन्हास प्रवासानें स्वतःचें एकेक कारण पुरवावें, यांत प्रवासाचा कांहीं कावा नव्हता; पण परिणाम तोच झाला.

दोन दिवसांनीं लुसर्न येथें मंडळी घड्याळें आणि चॉकलेटें घेण्यांत गुंतली असतां बाई हिरव्या क्रुसाची पाटी असलेल्या एका औषधांच्या दुकानांत शिरल्या. घरच्या घरीं गर्भ तपासण्याची पट्टी मागतांना बोलणाऱ्या पोरीनें वर पाहिलें सुद्धां नाहीं, याचें त्यांस बरें वाटलें आणि वाईटहि वाटलें. रात्रीं हॉटेलच्या न्हाणीघरांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्यापुढें पांच दिवस, म्हणजे व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम पाहून होईपर्यंत, त्यांनीं ही गोष्ट कोणास सांगितली नाहीं, यजमानांसहि नाहीं. व्हेनिसच्या पाण्यावर पुन्हां ओकारी आली. यजमानांनीं पुन्हां विचारलें. बाई म्हणाल्या, "पित्तच आहे."

परत आल्यावर कांहीं दिवसांनीं त्या आमच्या पत्नीकडे आल्या. मूल ठेवावें कीं न ठेवावें हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. त्यांनीं विचारलें तें एवढेंच: "वहिनी, मी पांच दिवस ह्यांना फसवलं का हो?"

प्रश्न लहान दिसतो. तसा तो नाहीं. आमच्या आजीच्या पिढींत 'अनपेक्षित गर्भ' हा शब्दच निरर्थक ठरला असता. अपेक्षा कोणी विचारली होती? रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें तेव्हां भल्याभल्यांस तें अब्रह्मण्य वाटलें. १९५२ पासून सरकारनेंच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला. योजना आली तेव्हां योजनेबाहेरचेंहि कांहीं असूं शकतें ही जाणीव आली, आणि तिच्याबरोबर निर्णयाची जबाबदारी आली. जी गोष्ट पूर्वीं घडत असे ती आतां ठरवावी लागते. शिवाय शरीराचा हिशेब निराळा चालतो. वैद्यकांत गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे बाईंस लुसर्न येथें कळलें त्या दिवशीं त्या मोजणीनें सातवा आठवडा चालू होता. ज्या मनुष्यास स्वतःची बातमी इतक्या उशिरां मिळते, त्यानें ती दुसऱ्यास तत्काळ दिली पाहिजे असें म्हणतांना थोडें थांबावें लागतें.

आम्ही प्रथम थांबलों नाहीं. आमचें मत असें पडलें कीं, पतीस त्याच रात्रीं सांगावयास हवें होतें. यावर आमच्या पत्नीनें विचारलें, "कुठं सांगायचं? बशींत, भेंड्या थांबवून?" आम्हीं म्हटलें, हॉटेलच्या खोलीस दार असतें. ती म्हणाली, "दार असतं, पण सकाळीं साडेसहाला बॅगा बाहेर ठेवायच्या असतात." हा युक्तिवाद नव्हे हें आम्हांस कळत होतें; तरी त्याचें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं.

मग आम्ही कायद्याकडे वळलों. पुरुष अडचणींत सांपडला कीं तिकडेच वळतो. आपल्या देशाच्या १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यांत सज्ञान स्त्रीच्या स्वतःच्या संमतीवांचून दुसऱ्या कोणाची संमति लागत नाहीं, पतीचीहि नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें त्यांतील संततिनियमनाच्या अपयशाविषयींच्या कलमांतून 'विवाहित स्त्री' हे शब्द जाऊन 'कोणतीहि स्त्री' असे शब्द आले. ज्या स्वित्झर्लंडांत बाईंस हें कळलें तेथेंहि २००२ सालच्या लोकमतानंतर पहिल्या १२ आठवड्यांत निर्णय स्त्रीचाच असतो. पण या सर्व तरतुदी ठरविण्याविषयीं आहेत, सांगण्याविषयीं नाहींत. सांगण्याचा प्रश्न अमेरिकेंत न्यायालयापुढें आला होता. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानें विवाहित स्त्रीस पतीची संमति घे असें म्हटलें नव्हतें, केवळ त्यास कळीव असें म्हटलें होतें. १९९२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती अटहि रद्द केली. बहुतेक स्त्रिया पतीस आपण होऊन सांगतात. ज्या सांगत नाहींत त्यांतल्या अनेकींस घरांत मारहाणीची भीति असते, आणि कायद्याचा जाच नेमका त्यांनाच होईल, असें न्यायालयाचें म्हणणें होतें. तो निवाडा २०२२ सालीं त्याच न्यायालयानें मोडीत काढला. परंतु त्यांतील तर्क आम्हांस आजहि पटतो. मात्र तो आमच्या बाईंस लागू पडत नाहीं. त्यांचे यजमान मारकुटे नाहींत, संशयी नाहींत. मुलीच्या वेळीं रात्रभर दवाखान्याच्या बांकावर बसून राहिलेले गृहस्थ आहेत. भीति नसतां न सांगणें, हाच खरा प्रश्न.

त्याचें कारण बाईंनीं सांगितलें तें असें: "एकदां सांगितलं कीं ती बातमी घराची होते. मला ती आधीं माझी हवी होती." या वाक्यानें आमचें मत फिरूं लागलें. आपल्या कुटुंबांत स्त्रीचें गर्भारपण ही तिची खासगी गोष्ट कधीं असतच नाहीं. तिशीपूर्वीं असेल तर अभिनंदनाचा पाऊस, चाळिशीनंतर असेल तर दबलेलें हंसूं. दोहोंतहि तिच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीं इतरांचीं मतें तयार होतात. यजमानांस सांगितलें असतें तर त्यांनीं, अगदीं मायेपोटीं, त्याच रात्रीं पुण्यास डॉक्टरांना फोन केला असता. डॉक्टरांपाठोपाठ आई, आईपाठोपाठ मुलगी. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नास पारपत्र लागत नाहीं. त्यांतला निम्मा तर बशींतच बसला होता. त्या गर्दींत एका बाईनें पांच दिवस एकटें राहण्याची सोय करून घेतली, ती एका गोष्टीविषयीं मुकें राहून.

पण मुकेपणाचेहि प्रकार आहेत. महाभारतांतील कुंतीची गोष्ट येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. तिलाहि अपत्य अनपेक्षितच झालें होतें. तिनें तें पेटींत घालून नदींत सोडलें, आणि पुत्रांना सांगितलें तें युद्ध संपून कर्णाच्या उत्तरक्रियेची वेळ आली तेव्हां. ज्यास मारलें तो थोरला भाऊ होता हें कळतांच युधिष्ठिरानें शाप दिला कीं यापुढें कोणत्याहि स्त्रीच्या पोटांत गुपित राहणार नाहीं. (सूर्यास कोणीं शाप दिल्याचें आम्हांस आढळलें नाहीं.) युधिष्ठिराचा संताप आम्हांस समजतो, कारण त्याचें अज्ञान फुकट गेलें नव्हतें, त्या अज्ञानांत त्याच्या पक्षाकडून भरून न येणारें कृत्य घडलें होतें. लपविणें आणि राखून ठेवणें यांतील भेद आम्हांस येथें दिसतो. दुसऱ्यानें त्या अज्ञानांतच कांहीं करून बसावें, किंवा त्याच्या वांट्याचें कांहीं कायमचें हातचें जावें, इतका वेळ मौन लांबलें कीं तें लपविणें होतें. बाईंच्या पांच दिवसांत यजमानांचें काय गेलें? रोमचें कलोझियम त्यांनीं निर्वेध मनानें पाहिलें, एवढेंच.

आपल्या समाजाला तर अंतराचा आणि गर्भाचा संबंध जुनाच माहीत आहे. मागच्या शतकापूर्वीं विधवेस दिवस गेले कीं तिला यात्रेच्या निमित्तानें पंढरपुरास धाडीत. तेथें ती मोकळी होई, आणि 'विठोबाचें दर्शन घेऊन' परत येई. मूल कोठें राही हें विचारीत नसत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तेथेंच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास, यशवंतास, पोटीं घेतलें. प्रार्थनासमाजानें १८७५ सालीं पंढरपुरांत बालकाश्रम स्थापला. ह्या संस्था निघाल्या त्या केवळ दयेपोटीं नव्हेत. गांवाबाहेर ढकलून दिलेली गोष्ट घडलीच नाहीं असें मानण्याच्या सवयीवर त्यांनीं बोट ठेवलें होतें. ही सवय फक्त आमचीच नाहीं. आयर्लंडनें १९८३ सालीं गर्भास राज्यघटनेनें संरक्षण दिलें, आणि १९९२ सालीं, बलात्कारानें गर्भवती झालेल्या १४ वर्षांच्या मुलीस इंग्लंडला जाण्यास मनाई झाल्यावर जो गहजब उडाला त्यानंतर, परदेशीं जाण्याचें स्वातंत्र्यहि त्याच घटनेंत लिहिलें. म्हणजे पाप येथें करूं नका, बोटीनें जाऊन करा! २०१८ च्या लोकमतानें ही विसंगति गेली, तोंवर असंख्य आयरिश स्त्रियांस तो समुद्र एकट्यानें ओलांडावा लागला होता.

या सर्व ठिकाणीं दूर देश हा समाजाच्या सोयीसाठीं होता. स्त्रीस तेथें धाडीत, आणि इकडे सर्वांस निश्चिंतपणें झोंप लागे. बाईंस जें अंतर लाभलें तें कोणीं योजिलेलें नव्हतें, आणि त्याचा लाभ त्यांनीं स्वतः घेतला. म्हणून त्यांच्या मौनास आम्ही दोष देत नाहीं, आणि आमचें पहिलें मत आम्ही मागें घेतों.

राहिला तो 'पित्त' हा शब्द. तेथें आमचें आणि पत्नीचें अजून जमलेलें नाहीं. मौन राखणें निराळें आणि विचारल्यावर खोटें उत्तर देणें निराळें. विचारणाऱ्याच्या काळजीला खोटें उत्तर मिळालें कीं त्याची काळजीच थट्टेचा विषय होते. बाईंना "मागाहून सांगते" असें म्हणतां आलें असतें, असें आम्ही म्हणतों. पत्नीचें म्हणणें असें कीं, २० वर्षें संसार केलेल्या नवऱ्यास "मागाहून सांगते" म्हटलें कीं सांगितल्यासारखेंच झालें. मग तो त्या बोटींतच काय तें ओळखील. हें खरें असावें. तरीहि तें खोटें होतें, आणि ज्या अर्थीं बाईंस पांच दिवसांच्या मौनापेक्षां तो एक शब्द अधिक टोंचतो, त्या अर्थीं त्यांसहि तसेंच वाटत असावें. त्या आमच्याकडे आल्या त्या, आमच्या समजुतीनें, याच शब्दासाठीं.

पुढें बाईंनीं आणि यजमानांनीं मिळून काय ठरविलें तें आम्हांस ठाऊक आहे, पण तें येथें लिहिण्याची अनुमति आम्हीं मागितलीहि नाहीं. यजमानांस त्यांनीं सांगितलें तें मुंबईच्या विमानतळावरून पुण्याकडे येतांना, लोणावळ्यास गाडी चहासाठीं थांबली तेव्हां. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "त्या बर्फाच्या डोंगरावर पित्त म्हणालीस, तेव्हां?"

"तेव्हां मलाच ठाऊक नव्हतं. व्हेनिसला ठाऊक होतं."

यजमानांनीं चहा संपविला, पैसे दिले, आणि बाईंच्या हातांतली पिशवी स्वतःकडे घेऊन ते गाडीकडे निघाले.