कबुलीविना प्रार्थना

विमान कंपनी बुडायला आली की लेखापरीक्षक येतात, सल्लागार येतात, कर्ज देणाऱ्यांचे वकील येतात. घाना एअरवेजच्या अखेरच्या काळात या सगळ्यांच्या जोडीला एक ख्रिस्ती धर्मोपदेशकही आला, मूळचा घानाचा पण लंडनमध्ये राहणारा. अधिकारी आणि कर्मचारी प्रार्थनेला जमले, आणि कंपनीला पछाडणाऱ्या दुष्ट आत्म्यांना हाकलून लावण्यासाठी देवाचा धावा करण्यात आला. बातमी देशाबाहेर पोचली, तिची टिंगलही झाली. टिंगल करणाऱ्यांनी धरून चालले होते, की कर्जाचा प्रश्न देवापुढे नेणे हीच मुळात चूक. मला त्या प्रार्थनेतली खोट वेगळी वाटते. ती फार धार्मिक होती असे मी म्हणणार नाही. ती पुरेशी धार्मिक नव्हती. ज्या धर्माच्या नावाने ती झाली, त्या धर्माने अशा प्रसंगी विचारायला शिकवलेला पहिला प्रश्नच तिने टाळला.

भुतांच्या आधी या कंपनीत देव होता, आणि तो देव म्हणजे राष्ट्र. घाना मार्च १९५७मध्ये स्वतंत्र झाला आणि ४ जुलै १९५८ला घाना एअरवेजची स्थापना झाली. तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींची मिळून वेस्ट आफ्रिकन एअरवेज कॉर्पोरेशन ही एकच कंपनी होती; घाना तिच्यातून बाहेर पडला. नव्या कंपनीत ४० टक्के वाटा ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीचा होता. १९६१मध्ये सरकारने तोही घेतला. स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या लेखी राष्ट्रध्वजावरचा काळा तारा मिरवणारे विमान म्हणजे सार्वभौमत्वाचा पुरावा होता. ब्रिटिश बनावटीच्या ब्रिटानिया विमानांशेजारी सोव्हिएत इल्युशिन-१८ उभी राहिली, तेव्हा अलिप्ततेचे धोरण राजधानी अक्राच्या धावपट्टीवर सगळ्यांना दिसले. त्या इल्युशिनांना पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत, आणि काही विमाने परत करावी लागली. पण पूजेच्या वस्तूकडे कोणी हिशेब मागत नाही. १९६६मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले, पुढे आणखी सत्तापालट झाले, तरी काळा तारा उडत राहिला. १९८३ साली घानात दुष्काळ पडला, रानांना वणवे लागले, नायजेरियाने हाकललेले लाखो घानावासी परतले. त्याच वर्षी कंपनीच्या ताफ्यात लांब पल्ल्याचे डीसी-१० दाखल झाले. त्याच जातीच्या विमानाला २००२मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर थकबाकीपोटी अडकवून ठेवण्यात आले. तोवर कर्ज १६ कोटी डॉलरच्या घरात गेले होते. जुलै २००४मध्ये अमेरिकेने कंपनीच्या उड्डाणांना मनाई केली, प्रवासी दोन्ही खंडांत अडकून पडले आणि खेळ आटोपला.

एवढी कारणे उघड दिसत असताना दुष्ट आत्मे कशाला आठवावेत? या प्रश्नाला मानववंशशास्त्रात एक जुने आणि अजूनही भक्कम उत्तर आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरच्या १९३७च्या ग्रंथात धान्याच्या कोठाराचे उदाहरण दिले आहे. कोठाराचे खांब वाळवी पोखरते आणि एक दिवस ते सावलीला बसलेल्या माणसांवर कोसळते. वाळवीमुळे कोठार पडले हे अझांदे जाणतात. पण नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना ते का पडले, हे वाळवी सांगत नाही, आणि त्यासाठी ते चेटकाकडे वळतात. घाना पश्चिमेला आहे, तिथली श्रद्धा वेगळी आणि बहुतांशी ख्रिस्ती. पण प्रश्नाची ठेवण तीच. ताळेबंद सांगतो, किती बुडाले. हे आपल्याच वाट्याला का आले, याचा उलगडा त्यातून होत नाही. तो प्रश्न अडाणी नाही. अर्थाची भूक माणसाला असते आणि धर्म ती भागवू पाहतो. म्हणून अक्रातल्या त्या सभेला मी अंधश्रद्धेचा शिक्का मारून मोकळा होणार नाही. अडचण उत्तराची आहे: दुष्टाई बाहेरून आली, आपण तिचे भक्ष्य झालो, आता तिला हाकलले की झाले.

आधुनिक दुष्टाईची खासियत अशी, की तिला चेहरा नसतो. सरकारी विमान कंपनी एका दरोड्यात लुटली जात नाही. मंत्र्याच्या पाहुण्यांना फुकट तिकीट, शिफारशीवर भरलेली जागा, खात्याने न भरलेले भाडे, सुट्या भागांच्या खरेदीतली टक्केवारी: अशी दुखणी या प्रदेशातल्या राष्ट्रीय कंपन्यांत पुन्हापुन्हा दिसली. जवळच्याच नायजेरिया एअरवेजच्या बाबतीत न्यायिक चौकशी झाली, तेव्हा कोट्यवधी डॉलरची लूट समोर आली. यातल्या कोणत्याही एका तिकिटाने विमान जमिनीवर आले असे म्हणता येत नाही, म्हणून ते तिकीट घेणाऱ्याला अपराधी वाटत नाही. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४मध्ये दाखवून दिले, की हजार माणसांपैकी प्रत्येकाने जाणवूही नये एवढेच दुःख दिले, तरी बळीच्या वाट्याला पुरेपूर छळ येतो. आपला वाटा दिसत नाही, परिणाम मात्र राक्षसी असतो. मग तो राक्षसाचाच असला पाहिजे, असे मन ठरवून टाकते. त्यात वसाहतीचा वारसा मिसळतो. नायजेरियाचे समाजशास्त्रज्ञ पीटर एके यांनी १९७५मध्ये मांडले, की वसाहतीनंतरचा आफ्रिकी माणूस दोन सार्वजनिक जगांत वावरतो: आपल्या वंशसमूहाच्या जगात तो नीतीला बांधलेला असतो, आणि परक्यांनी उभारलेल्या सरकारी जगात त्याला ते बंधन वाटत नाही. गावच्या निधीतला पैसा खाणारा तोंड दाखवू शकत नाही. सरकारी पैसा गावाकडे आणणारा मोठा माणूस ठरतो. घानाचे तत्त्वज्ञ क्वामे जेचे यांनी राजकीय भ्रष्टाचाराला नैतिक प्रदूषण म्हटले, तेही याच अर्थाने: नियम कडक केल्याने ते धुतले जात नाही, कारण ते चारित्र्यात मुरलेले असते.

मग धर्माने काय करायला हवे होते? उत्तर त्या सभेत हजर असलेल्यांच्या हातातल्या बायबलमध्येच होते. यरुशलेमचा तट पडला आहे हे ऐकून नहेम्या रडतो, उपास करतो आणि प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत तो शत्रूचा किंवा सैतानाचा माग काढत नाही. आम्ही पाप केले, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने केले, असे कबूल करतो. पुढे तो रात्री गुपचूप फिरून तटाची पाहणी करतो, आपल्याच बांधवांकडून व्याज उकळणाऱ्या सरदारांना ते परत करायला लावतो, आणि अधिपती म्हणून मिळणारा अन्नभत्ता स्वतः घेत नाही. तट ५२ दिवसांत उभा राहतो. कबुली, पाहणी, परतफेड, स्वतःच्या सवलतींचा त्याग: यांतली एकही पायरी तो गाळत नाही. त्याच परंपरेत भुते काढण्याच्याही कथा आहेत, हे खरे. पण भूतबाधेत माणूस बळी असतो, पापात कर्ता. संस्थेच्या ऱ्हासाला भूतबाधा ठरवले की कर्तेच बळींच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. इंधन डॉलरमध्ये घ्यायचे, तिकिटे सेडी या घानाच्या घसरत्या चलनात विकायची, कर्जदात्यांच्या अटी पाळायच्या, आणि स्पर्धा युरोपच्या बड्या कंपन्यांशी. यात पापाचा काय संबंध? स्विसएअर आणि सबेना २००१मध्ये कोसळल्या, त्यांना कोणते पाप नडले? आक्षेपात तथ्य आहे, आणि तो अक्राच्या वाट्याचा दोष हलका करतो. पण तो दोष पुसत नाही. इथिओपियन एअरलाइन्स १९४५पासून सरकारी मालकीची आहे. तिच्या देशाने राजसत्तेचा अंत, लष्करी राजवट, यादवी आणि दुष्काळ पाहिले, आणि ती कंपनी टिकली, वाढली. गरिबी आणि सरकारी मालकी यांमुळे वाट बिकट होते, शेवट ठरत नाही. शिवाय सगळा दोष जागतिक बाजारावर ढकलणाऱ्याची मांडणी मांत्रिकासारखीच असते: बाहेरची अदृश्य शक्ती, आणि आत सगळे निरपराध.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. प्रार्थनेला बसलेल्यांत साधे कर्मचारीही होते. त्यांनी कशाची कबुली द्यायची? सामूहिक पापाच्या नावाखाली वरच्यांचा अपराध खालच्यांच्या माथी मारला जातो, हे इतिहासात अनेकदा घडले आहे. म्हणून कबुली आणि दंड वेगळे ठेवले पाहिजेत. दंड ज्याचा त्यालाच. कबुली मात्र निर्दोष माणूसही सर्वांच्या वतीने देऊ शकतो. दानीएलाच्या ग्रंथात दानीएल तेच करतो. ‘हे आमच्यात घडले’ असे म्हणताना तो गुन्हा अंगावर घेत नाही, ते घडले त्या समूहाचे सदस्यत्व नाकारत नाही, एवढेच. त्यातून सामान्य कर्मचाऱ्याला एक अधिकारही मिळतो. हे आमचे आहे म्हणणाराच याचा हिशेब द्या असे सांगू शकतो. भूत काढण्याच्या सभेत मात्र त्याने फक्त ‘आमेन’ म्हणायचे असते.

तिसरा आक्षेप विवेकवाद्यांचा: हिशेबच हवा असेल तर देव कशाला मध्ये? लेखापरीक्षण पुरे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इस्रोचे प्रमुख प्रक्षेपणाआधी रॉकेटची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. कोणाला ते खटकते, कोणाला आवडते; पण त्यामुळे एकही तांत्रिक तपासणी टळत नाही. प्रार्थना कामाच्या जोडीला असेल तर तिने काही बिघडत नाही, आणि कामाच्या जागी आली तर ती निरर्थक होते. तरीही लेखापरीक्षण पुरे म्हणता येणार नाही. हिशेबातली तफावत ते दाखवते, पण ती भरून काढण्याची लाज किंवा निश्चय ते देऊ शकत नाही. घानासारख्या देशात, जिथे लोक जाहीरपणे आणि मनापासून प्रार्थना करतात, ती लाज जागवण्याची ताकद चर्चकडे होती. तिथे ती वापरली गेली नाही, हा खरा तोटा.

आणि विवेकवाद्यांनीही फार समाधान मानू नये. घाना एअरवेज संपल्यावर २००५मध्ये घाना इंटरनॅशनल एअरलाइन्स सुरू झाली, खासगी भागीदार घेऊन. २०१०मध्ये तीही थांबली. नंतरच्या सरकारांनीही नव्या राष्ट्रीय कंपनीचे बेत जाहीर केले आहेत. नवे नाव, नवा रंग, कोरा ताळेबंद, जुने सगळे परिसमापकाच्या हवाली: धर्मोपदेशकाशिवाय केलेला हाही एक भूत काढण्याचाच विधी आहे. कोणी काय घेतले आणि कोणी काय पाहून गप्प बसले, हे उघड्यावर मांडल्याशिवाय नव्या कंपनीचे उद्घाटन होते, तेव्हा आधीच्या प्रार्थनेवर हसण्याचा अधिकार उद्घाटन करणाऱ्यांना उरत नाही.