संध्याकाळी परत न फिरणं

जंगलातून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, ‘काय काय दिसलं?’ किती वेळ थांबला होतात, असं कोणी विचारत नाही. आणि पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यात असतं.

ॲमेझॉन किंवा बोर्निओच्या पर्जन्यवनातल्या लॉजवर लोक विमान, मग होडी, मग पायपीट करत पोचतात. तिथला गर्द पाला हातभर अंतरावरचंही दिसू देत नाही. तरीही माणसं भरभरून पाहून येतात, ती कशी? त्या आडवाटेचा मुख्य उपयोग एकच असतो: संध्याकाळी घरी परतता येत नाही. राहावंच लागतं. म्हणून पहाट हाती लागते आणि तिन्हीसांजही.

आमच्या पालघर जिल्ह्याची अडचण नेमकी उलटी आहे. इथलं जंगल फार जवळ आहे. ते पर्जन्यवनही नव्हे. साग, ऐन, मोह यांचं पानगळीचं रान. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळला वनखात्याचं विश्रामगृह आहे. पण बोईसरहून सकाळी आरामात निघालेली गाडी दुपारच्या सुमाराला वर पोचते, डबे उघडतात, फोटो निघतात, आणि उन्हं कलायच्या आत माणसं ‘इथे काही उरलं नाही हो’ म्हणत घाट उतरतात. रानातले बहुतेक जीव सावलीत पडून असतात, त्याच वेळात ही माणसं तिथे असतात. अशी विश्रामगृहं सहलीसाठी बांधलेली नव्हती. दौऱ्यावरचे अधिकारी तिथे मुक्काम टाकून रानातली कामं करायचे. मुक्कामाशिवाय रान कळत नाही, हे त्या जुन्या खात्याला ठाऊक होतं.

आजही ठाऊक आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर प्राणीगणना होते, तेव्हा मचाणावर बसणाऱ्याला ताकीद असते: अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं नको, खाली उतरणं नको. पहिला तास-दोन तास फक्त डास आणि अवघडलेले पाय. हळूहळू रानाला आपला विसर पडतो. वानर खाकरतं. दरीतून भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, थांबतं, पुन्हा भुंकतं. बिबट्या दिसलेला नसतो, पण तो कोणत्या अंगाने चालला आहे त्याचा माग कान काढू लागतात. फिरून दहा पाणवठे पाहणाऱ्याला हे मिळत नाही.

इथवर वेळेची गोष्ट झाली. मुक्कामाने आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे ओळख. रानपिंगळ्याचंच पाहा. 1884 नंतर हा पक्षी कोणी खात्रीने पाहिला नव्हता. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. 113 वर्षांनी. पुढे 2014 च्या ऑक्टोबरात सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी तो तानसा अभयारण्यात नोंदवला. तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पिते आहे. इतकी वर्षं त्या रानात माणसांची ये-जा आहे. आणि हे घुबड रात्री दडून राहणारंही नाही. भर दिवसा उघड्या फांदीवर बसतं, शेपटी झटकतं, सरडे टिपतं.

मग ते कोणाच्या नजरेत का आलं नाही? कारण पाहणाऱ्याला ते साधा ‘पिंगळा’ वाटतं, आणि पिंगळा तर गावातल्या चिंचेवरही असतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पोट अधिक पांढरं, पंजे दांडगे. एवढाच फरक. तो घाईत दिसत नाही. साधा पिंगळा ज्याने रोज पाहिला आहे, त्याचं आवाजासकट सगळं ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, त्यालाच हे काहीतरी निराळं आहे हे खटकतं. दुर्मीळ पाहायचं तर आधी साध्याचा सहवास हवा, आणि सहवासाला राहावं लागतं.

म्हणून लॉज किती दूर आहे, यावर जंगल पाहणं ठरत नाही. दूरचा लॉज जे सक्तीने करायला लावतो, ते सूर्यमाळला आपल्याला आपणहून करावं लागतं. तेच जास्त कठीण. तेव्हा पुढच्या खेपेला दुपारच्या फेरीऐवजी दोन रात्रींचं आरक्षण मागा. काय काय पाहायचं याची यादी घरी ठेवा, गावातला एखादा माहीतगार माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या वेळेने चाला. आणि एवढं कराच: पक्षी पुढ्यात यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला समजून शिकार, पिल्लं सोडून धावत येतो. आपण थांबलो तर तसाही येतो.